जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं नव्यात कसं न्यायचं, आणि काय हमखास मागे राहतं

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच जणांचा सेम फोन येऊन गेला, नवीन लॅपटॉप घेतलाय, जुन्यातलं सगळं यात टाकून दे ना, अर्ध्या तासाचं काम आहे. अर्धा तास वगैरे काही नसतो हो. कारणही बहुतेकांचं एकच, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मग माणूस नवीनच घेतो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे विंडोजवरून विंडोजवर जाणाऱ्यांसाठी आहे, मॅकवाल्यांचं थोडं वेगळं असतं.

एक आधीच सांगतो, कॉपी करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. तुमच्या फाइली नक्की कुठे पडल्यात हे शोधणं, हे खरं काम. त्यामुळे केबल आणायला दुकानात पळायच्या आधी वही घ्या.

आधी यादी

जुना कॉम्प्युटर चालू करा आणि रोज त्यावर काय काय करता ते लिहून काढा. म्हणजे फोल्डरची नावं लिहू नका, कामं लिहा. वीजबिल भरतो, मुलीचे फोटो बघतो, सोसायटीच्या नोटिसा टाइप करतो, टॅली, रिटर्न भरणं, बँकेची साइट, स्कॅनर, प्रिंटर. आता प्रत्येक कामासमोर ती गोष्ट कुठे सेव्ह होते ते शोधून लिहा. फाइल उघडलेली असताना सेव्ह ॲज केलं की ती कुठल्या फोल्डरात आहे ते दिसतं, तेवढं बघून कॅन्सल करायचं.

हे का सांगतोय, तर आमच्या मावशीने मागे स्वतःच सगळं केलं होतं. डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन सिलेक्ट केले, पेन ड्राइव्हमध्ये टाकले, पाच सेकंदात कॉपी झालं म्हणून खूश, आणि जुना कॉम्प्युटर भाच्याला देऊन टाकला. नव्यात उघडायला गेली तर एकही फाइल उघडेना. त्यातले सगळे आयकॉन म्हणजे शॉर्टकट होते, कोपऱ्यात छोटा बाण असतो ना तो. शॉर्टकट म्हणजे फक्त पत्ता, घर नाही. नशीब भाच्याने अजून फॉरमॅट मारला नव्हता. तर बाण दिसला की राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन करा, खरी फाइल तिथे आहे. आणि दोन-तीन जीबीचा माल पाच सेकंदात कॉपी झाला तर आनंद मानू नका, संशय घ्या.

बहुतेकांचा माल या ठिकाणी सापडतो: सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, आणि त्याच्या आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज. डाउनलोड्स लोक हमखास सोडून देतात, त्यात कचराच आहे म्हणतात, आणि पॉलिसीची पावती, इन्कम टॅक्सचा फॉर्म, मुलाची मार्कशीट नेमकी तिथेच असते. घरात दोघांची वेगळी लॉगिन असतील तर युजर्समध्ये दोन फोल्डर असतील, दोन्ही घ्या. आणि मग आपल्याकडची खास पद्धत, कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून दिलेले असतात आणि डी ड्राइव्हमध्ये न्यू फोल्डर, न्यू फोल्डर २, न्यू फोल्डर ३, जुने फोटो, जुने फोटो नवीन अशी रांग असते. आत्ता लावत बसू नका. डी आणि ई अख्खे उचलायचे.

आता ती युजर्सवाली फोल्डरं एकेक करून राइट क्लिक, प्रॉपर्टीज, किती जीबी आहेत ते वहीत लिहा, डी आणि ईचंही लिहा, बेरीज मारा. हा आकडा पुढे दोनदा लागणार आहे.

कशातून न्यायचं

माझं मत विचाराल तर एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा एक्स्टर्नल एसएसडी (आत काही न फिरणारी, जास्त वेगवान डिस्क), बाकी सगळं नंतर. कारण जुनं मशीन, नवीन मशीन आणि ही डिस्क अशा तीन जागी माल राहतो आणि बॅकअपही फुकटात होतो. बेरजेच्या दुप्पट तरी साइज घ्या.

पेन ड्राइव्ह पाच-दहा जीबीसाठी ठीक आहे. पण त्यात एक गोची आहे, बरेच पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेले येतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा रिकामा असला तरी नाही. लग्नाचा व्हिडिओ टाकायला गेलात आणि फाइल टू लार्ज असं काहीतरी आलं तर हेच कारण. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, सुटतं.

गुगल ड्राइव्हवर फुकट १५ जीबी मिळतात आणि तेही जीमेल आणि फोटोंसकट, वनड्राइव्हवर ५ जीबी. दोनशे जीबी फोटो तिथून न्यायचे म्हणजे आधी अपलोड मग डाउनलोड, नेट कितीही चांगलं असू दे, जीव जातो. महत्त्वाची कागदपत्रं तेवढी तिथे टाकून ठेवा. दोन्ही मशीन लॅनच्या केबलने जोडूनही करता येतं, पण त्यात शेअरिंग, परमिशन, पासवर्ड असे नखरे आहेत, पहिल्यांदाच करत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

डिस्क लावताना पोर्ट बघा. यूएसबी २ चा पोर्ट बहुतेक काळा असतो आणि यूएसबी ३ चा आतून निळा, निदान जुन्या मशीनवर तरी. २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात, ३ वर साध्या फिरत्या हार्ड डिस्कलाही १०० च्या आसपास. ३०० जीबी असतील तर एकीकडे पावणेतीन-तीन तास आणि दुसरीकडे साधारण पाऊण-एक तास. डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडून मागचे वापरा, पुढच्यांची आतली वायर बरेचदा लूज असते.

आता कॉपी

चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस चालू आहे ना बघा, लाइट जायच्या दिवशी हे काम काढू नका. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन स्लीप नेव्हर करा, नाहीतर तुम्ही जेवायला जाल आणि ते झोपेल आणि कॉपी अर्ध्यात लटकेल.

कॉपी म्हणजे कॉपीच. कट करायचं नाही. कट-पेस्ट चालू असताना केबल हलली तर कुठली फाइल इकडे, कुठली तिकडे हे शोधत बसावं लागतं, कधी कधी एखादी दोन्हीकडे नसते. जुन्यातून काहीही डिलीट करायचं नाही, आत्ता नाही.

एक्स्टर्नल डिस्कवर एक फोल्डर बनवा, नाव द्या जुना पीसी आणि पुढे तारीख. त्यात सी ड्राइव्हमधला माल, डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह असे वेगळे फोल्डर. अख्खं एकदम सिलेक्ट करून सोडून देऊ नका, एकेक मोठं फोल्डर घ्या, झालं की वहीत टिक. एकदम केलं आणि मध्येच एका खराब फाइलवर एरर आला तर कुठपर्यंत झालं होतं तेच कळत नाही. एरर आलाच तर स्किप करा, नाव लिहून ठेवा, पुढे चला. फाइलचं नाव फार लांब आहे असं म्हणाला तर मधल्या एखाद्या फोल्डरचं नाव छोटं करा, विंडोजला ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या आत लागतो आणि आपण फोल्डरात फोल्डर टाकताना निबंध लिहितो.

फोटो आणि छोट्या छोट्या फाइली असतील तर स्पीड एकदम पडतो, ते नॉर्मल आहे, हँग झालं समजून केबल उपटू नका. आणि उरलेला वेळ दाखवतात त्यावर विश्वास ठेवू नका, ते दोन मिनिटं म्हणून चाळीस मिनिटं लावतात.

झालं की खाली घड्याळापाशी सेफली रिमूव्ह करून मगच डिस्क काढा. मग नव्या मशीनला लावा, आधी विंडोज डिफेंडरने अख्खी डिस्क स्कॅन करा, विशेषतः जुन्यात सायबर कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेले पेन ड्राइव्ह लागत असतील तर, आणि तिथून नव्या मशीनवर तसंच्या तसं कॉपी करा. नव्यातल्या डॉक्युमेंट्समध्ये लगेच मिसळू नका. आधी जुना पीसी फोल्डर तसाच राहू दे, लागेल तसं बाहेर काढा. मी स्वतः एकदा मिसळलं होतं, एकाच नावाच्या दोन फाइली, कुठली नवी कुठली जुनी, रिप्लेस वर क्लिक झालं, महिनाभराचा हिशोब गेला.

मराठी फाइली: इथे सगळ्यात जास्त रडारड होते

जुन्या मशीनवर श्रीलिपी, आयएसएम किंवा तसल्या सॉफ्टवेअरवर टाइप केलेलं असेल तर नव्यात फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं असली खिचडी दिसते. लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली. झालेली नसते. त्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट नाही की खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणून जुन्या मशीनवर सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स इथे जाऊन ते फॉन्ट कॉपी करून घ्या आणि नव्यात राइट क्लिक करून इन्स्टॉल करा. फाइल दिसायला लागेल. पण टाइप करायला ते सॉफ्टवेअरच लागतं, ते लायसन्सचं असतं, काहींना मागे लावायचं डोंगलही (पेन ड्राइव्हसारखी दिसणारी लायसन्सची किल्ली) असतं, ते डोंगल जुन्याच्या मागे अडकून भंगारात जाऊ देऊ नका.

यातला माझा आवडता उपाय म्हणजे, जुनं मशीन चालू आहे तोवर महत्त्वाच्या मराठी फाइली त्यावरच उघडून पीडीएफ करून ठेवायच्या. पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट आतच बसतो, मग कुठेही उघडा. बाबांच्या पंधरा वर्षांच्या सोसायटीच्या नोटिसा आणि सभेची इतिवृत्तं मी अशीच वाचवली, दोन रविवार गेले. ज्या फाइलींमध्ये पुढे बदल करायचे आहेत त्या कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं त्या पद्धतीत) आणा, पण नंतर एकदा वाचून घ्या, रफार आणि जोडाक्षरं हमखास गंडतात.

युनिकोडवाल्यांनाही एक छोटा झटका बसतो. आपण सगळे मंगल फॉन्टवर टाइप करत आलो, पण विंडोज १० पासून मंगल आपोआप येतोच असं नाही, त्याच्या जागी निर्मला दिसतो आणि पानं वरखाली सरकतात, तक्ते बिघडतात. सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, तिथे ॲड अ लँग्वेज करून मराठी घ्या, त्याबरोबर देवनागरीचे जादा फॉन्ट येतात आणि त्यात मंगल असतो. नाहीच आला तर ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स शोधा. कीबोर्डही तिथेच मिळतो, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही, बदलायला विंडोजचं बटण दाबून स्पेसबार.

जे नुसतं कॉपी होत नाही

प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर उचलून नव्यात टाकलं की सॉफ्टवेअर चालेल असं पुष्कळांना वाटतं. नाही चालत. सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना विंडोजच्या रजिस्ट्रीत आणि इतर दहा ठिकाणी नोंदी करतं, त्या सोबत येत नाहीत. सॉफ्टवेअर नव्याने इन्स्टॉल करायचं, न्यायचा तो फक्त डेटा आणि लायसन्स.

टॅलीवाल्यांनी नीट ऐका. टॅलीतच कंपनीचा बॅकअप घेण्याची सोय आहे, ती वापरा, आणि शिवाय डेटाचं अख्खं फोल्डरही कॉपी करा. त्यात प्रत्येक कंपनीचं आकडी नावाचं फोल्डर असतं, १०००० असं काहीतरी. ते कुठे आहे ते टॅली उघडून कंपनी सिलेक्ट करायच्या स्क्रीनवर डेटाचा पत्ता बघितला की कळतं. कॉपी करताना टॅली बंद पाहिजे. आणि लायसन्स जुन्या मशीनवर सरेंडर करून मग नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं, जुनं फॉरमॅट केल्यावर हे आठवलं तर सपोर्टला फोन लावत बसा.

डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर सही टोकनच्या आत असते, कॉम्प्युटरवर नाही, त्यामुळे कॉपी करायचं काही नसतं. पण नव्यात त्या टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलसाठी एमसायनर नावाचं सहीचं सॉफ्टवेअर टाकायला लागतं. हे रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री करू नका एवढंच.

आउटलुकमध्ये मेल असतील तर पीएसटी फाइल शोधा, बहुतेकदा डॉक्युमेंट्समध्ये आउटलुक फाइल्स नावाच्या फोल्डरात असते, आउटलुक बंद करून कॉपी करा. जीमेल ब्राउझरमध्ये बघता? मग काही करायचं नाही.

क्रोमचे बुकमार्क आणि पासवर्ड गुगल अकाउंटने सिंक केले की नव्यात साइन इन केल्यावर येतात. पण आधी जुन्यात सिंक खरंच चालू आहे का ते बघा, बऱ्याच जणांचं नसतं. पासवर्ड फाइलमध्ये एक्स्पोर्ट करूनही नेता येतात, मात्र ती फाइल कोणालाही वाचता येते, काम झालं की लगेच उडवा आणि रिसायकल बिनमधूनही उडवा.

वनड्राइव्हचा घोळ

नवीन लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने चालू केलात की तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हमध्ये गेलेले असू शकतात. तुम्ही हौसेने ८० जीबी फोटो डेस्कटॉपवर टाकता, ५ जीबी भरतात आणि मग जागा संपली, पैसे भरा असे मेसेज. घाबरू नका, लॅपटॉपची डिस्क भरलेली नाही, त्यांची फुकटची जागा भरली. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन फोल्डरचा बॅकअप बंद करा, आणि मोठा माल सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करून किंवा डी असेल तर डीमध्ये ठेवा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात आहेत, तिथून परत आणा.

याची उलटी बाजू जुन्या मशीनवर. फाइलशेजारी ढगाचं चित्र असेल तर ती फाइल त्या मशीनवर नाहीच, नुसतं नाव आहे, माल नेटवर आहे. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस करा, सगळं उतरू द्या, मग कॉपी.

जुना चालूच होत नसेल तर

मशीन मेलं म्हणजे डिस्क मेली असं नाही. बरेचदा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड गेलेला असतो. डिस्क काढून साटा टू यूएसबी केबलने किंवा केसमध्ये टाकून नव्याला लावता येते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क त्या केबलवरच चालते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, केबल घेताना तो सोबत आहे ना विचारा. च्युइंग गमच्या पट्टीसारखी एम डॉट टू एसएसडी असेल तर तिची केस वेगळी, आणि त्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार, डिस्कच घेऊन दुकानात जा.

लावल्यावर ॲक्सेस डिनाइड आलं तर कंटिन्यू दाबा आणि थांबा. ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) आहे, ती की जुन्या मशीनवर वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बहुतेक सेव्ह असते, तिथे लॉगिन करून बघा. डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारलं तर नाही, नाही, नाही. आणि डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा, परत परत लावून बघू नका, प्रत्येक वेळी आतलं आणखी खराब होतं. मग डेटा रिकव्हरीवाल्याकडे जायचं, काम महाग असतं, आधी अंदाज घ्या आणि मग ठरवा.

झालं का ते कसं कळणार

वहीतला आकडा काढा. जुन्या फोल्डरची प्रॉपर्टीज आणि नव्याची, फाइलींची संख्या आणि साइज जुळवा. साइज ऑन डिस्क बघू नका, तो वेगळा येणारच. दोन-चार फाइलींचा फरक लपलेल्या सिस्टिम फाइलींमुळे येतो, दोनशेंचा आला तर काहीतरी राहिलंय. मग दहा-बारा फाइली खरंच उघडून बघा, सगळ्यात जुना फोटो, सगळ्यात मोठा व्हिडिओ (मधूनही पुढे सरकवून), एक एक्सेल, एक मराठी फाइल. शेवटी पहिल्या पानावरची कामांची यादी घ्या आणि प्रत्येक काम नव्या मशीनवर एकदा करून बघा, प्रिंटही मारून बघा.

एवढं झालं तरी जुना कॉम्प्युटर महिनाभर तसाच ठेवा, शक्य असेल तर एक रिटर्न भरून होईपर्यंत. बाबांचं सगळं झालं म्हणून मी निवांत होतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना आठवलं की स्कॅन केलेली घराची कागदपत्रं दिसत नाहीयेत. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने ती थेट सी ड्राइव्हवर स्वतःच्याच नावाच्या फोल्डरात टाकली होती, युजर्समध्ये नाही. यादीत आम्ही स्कॅनर लिहिला होता, जागा लिहिली नव्हती.

महिन्यानंतर कोणाला द्यायचं असेल तर सेटिंग्जमधून रीसेट, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि त्यात क्लीन डेटा चालू करा, नुसतं डिलीट केलेलं सहज परत मिळतं. भंगारात जाणार असेल तर आधी डिस्क काढून घ्या, आणि बाकीचा डबा गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरावाल्याकडे द्या. काढलेल्या डिस्कवर मी पांढरी चिकटपट्टी लावून वर्ष आणि कोणाची ते पेनने लिहितो, आणि कपाटात मिठाईच्या डब्यात ठेवतो. सध्या त्या डब्यात सहा आहेत.